हवा काढायची राहिली

"झाकणाला हात लावू नका!"

कोणीतरी ओरडलं आणि माझं मनगट वरच्या वर धरलं. रुमाल गुंडाळलेला माझा हात रेडिएटरच्या झाकणापासून जेमतेम वीतभर लांब होता. बॉनेटखालून वाफ फसफसत होती आणि भर दुपारी, भर रस्त्यात मी नको तो शहाणपणा करायला निघाले होते.

"आत उकळतंय सगळं. झाकण फिरवलं असतंत तर थेट तोंडावर आलं असतं." मग त्याने एकदम मनगट सोडलं. "सॉरी हं... समोरचं गॅरेज माझंच आहे."

कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळ्यांत भीती. अनोळखी माणसाने माझ्यासाठी इतकं घाबरावं, याची मला मुळीच सवय नव्हती.

आम्ही गाडी ढकलत आत नेली. इंजिन थंड होईपर्यंत त्याने झाकणाला हात लावला नाही.

"यात कूलंट कधी घातलं होतंत शेवटचं?"

"मी दर रविवारी पाणी घालते की. नळाचं. पाणी ते पाणी!"

त्याने मागच्या सीटवरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "गणिताच्या बाई असून असा हिशेब?"

त्याने रेडिएटरच्या तळाचा नळ सोडला. टबात गंजाचं तपकिरी पाणी पडू लागलं.

"वर्षभराचं गाऱ्हाणं आहे गाडीचं," तो म्हणाला. "ऐकून घ्या."

"ऐकते. पण उद्या सकाळपर्यंत होईल ना?" आणि मग मी सगळं सांगून टाकलं. उद्या सातला निघून घाटापलीकडच्या दवाखान्यात आईला न्यायचं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन. तारीख मिळायला पाच महिने लागले होते, आणि ही चुकली तर पुन्हा तेवढेच. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली माझी आई हल्ली मशीनवर नुसता हात ठेवून बसायची... तिला सुई ओवता येत नव्हती.

त्याची थट्टा तिथेच थांबली. "होईल," एवढंच म्हणाला.

त्याने साधं पाणी भरलं, हीटर लावून इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं, पाणी सोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. गंजाच्या पाण्याच्या टबावर त्याने फळी ठेवली, वर दगड ठेवला.

"हे कशाला?"

"यात जुनं कूलंट उरलेलं असतं, ते गोडसर लागतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात."

खरं सांगते, मी तिथेच थोडीशी विरघळले.

मग तो नरसाळं लावून नवं हिरवं कूलंट ओतू लागला आणि मी बोलत सुटले. वर्गातले किस्से, हेडबाईंच्या नकला... तो हसत होता, म्हणून मी आणखी बोलत होते. दिवस कलला तेव्हा कुठे मी गाडी घेऊन घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दारावरची बेल वाजली. दारात तो! हातात अवजारांची पिशवी, डोळे तांबारलेले.

"पत्ता कालच्या बिलावर होता. माझ्याकडून चूक झालीय. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. मी... मी ती काढलीच नाही. चढावर इंजिन पुन्हा तापलं असतं. झोपताना आठवलं, मग झोपच लागली नाही."

घाटात, आई शेजारी, आणि पुन्हा ती वाफ...

"कोण गं?" आतून आई.

"मेकॅनिक आहे, आई."

त्याने गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला केलं, थंड रेडिएटरचं झाकण उघडलं, गाडी चालू केली आणि हीटर लावला. जाड पाइप दाबला की बुडबुड करून हवा वर यायची.

"विसरलात कसे?" मी हळूच विचारलं.

"बारा वर्षांत कधी विसरलो नव्हतो." त्याने मान वर केली नाही. "काल तुम्ही... बोलत होतात."

तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? घाटात मी गाडीलाच शिव्या घातल्या असत्या. नाव खराब होईल याची पर्वा न करता हा माणूस चूक सांगायला पहाटे धावत आला होता.

"डोळे अधू झालेत, कान नाहीत," अंगणातल्या खुर्चीत येऊन बसलेली आई म्हणाली. "मागची सीट रिकामी आहे. ज्याला एवढी काळजी आहे त्याने बसावं मुकाट्याने."

तो बसला. घाटभर आरशात मला त्याचं कपाळ दिसत होतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

ऑपरेशन छान झालं. त्या रात्री तो गाडीतच झोपला. सकाळी पट्टी निघाली तेव्हा आई आधी माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तुझे केस पिकायला लागले की!" मग दाराशी अवघडून उभ्या असलेल्या त्याच्याकडे वळली. "बरा दिसतोस रे. मला वाटलं होतं, नुसता आवाजच चांगला असेल."

हसता हसता माझे डोळे भरून आले. औषधं आणायचं निमित्त काढून मी बाहेर पडले. तो मागोमाग आला.

"थँक्यू," मी म्हणाले. "मनापासून. तुम्ही आला नसतात तर..."

"एक विचारू? गाडीचं काही काम नसताना मी तुमच्याकडे आलो तर... चालेल?" आणि मी तोंड उघडायच्या आत घाईघाईने म्हणाला, "पण उपकार म्हणून हो म्हणू नका. मला ते नको."

तो पुन्हा घाबरला होता. या वेळी स्वतःसाठी.

मी त्याचा ग्रीसचे डाग न गेलेला हात हातात घेतला. "आभार मी आईसाठी मानले," मी म्हणाले. "हो म्हणतेय ते माझ्यासाठी."