कातडीची साक्ष

त्वचावाचकाच्या काचेवर प्रणाली धुरीने उजवा हात ठेवला. निळसर उजेड मनगटापासून दंडापर्यंत सरकत गेला आणि श्रम न्यायालयाच्या पडद्यावर अक्षरं उमटली : वय अंदाजे वीस. भाजल्याची खूण नाही.

प्रणाली पन्नाशीला आली होती.

"मी भाजले होते, साहेब," ती म्हणाली. "कोपरापासून मानेपर्यंत. वारा लागला तरी जीव जायचा."

"यंत्र तसं म्हणत नाही," न्यायाधीश म्हणाले.

फोटो, चित्रफिती, दवाखान्यातले कागद, काहीही हुबेहूब बनवता येऊ लागल्यावर न्यायालयांनी असले पुरावे बाद केले होते. साक्ष उरली ती जिवंत त्वचेची. जखम कधीची, किती गरम वाफेची, हे त्वचावाचक कातडीच्या थरांतून वाचत असे. मात्र हे वाचन न्यायाधीशांसमोरच व्हावं लागे. आधी घेतलेली नोंद चालत नसे, कारण नोंदसुद्धा बनवता येते.

कुडाळजवळच्या 'नवकांती' कंपनीत रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींपासून तारुण्याचं मलम बनत असे. ऐन हंगामात जास्त अर्क निघावा म्हणून उकळत्या टाकीची सुरक्षा झडप बांधून ठेवली होती. टाकी फुटली. टाकीवर काम करणाऱ्या तिघींपैकी आशा गावकर जागीच गेली. प्रणाली आणि तिची धाकटी जाऊ सानिका भाजल्या. टाकी फुटलीच नाही, आशाला हृदयविकाराचा झटका आला, असं कंपनीचं म्हणणं होतं. आशाला अग्नी दिला होता, तिची कातडी काही सांगू शकत नव्हती.

मलमाचा शोध लावणाऱ्या डॉ. शाल्मली मोकाशी प्रणालीच्या बाजूने साक्ष देऊन बाहेर आल्या. प्रणालीने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, कंपनीची नर्स रोज मलम लावून जायची. दुखणं थांबेल म्हणाली, थांबलं. पण माझी जखम गेली कुठे?"

"प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "रतांब्याच्या सालीतलं एक द्रव्य ते उलटं फिरवतं. पेशी विशीत जाते आणि त्यानंतर झालेलं सगळं विसरते. सुरकुती काय, भाजल्याचा डाग काय, तिला दोन्ही सारखेच."

"हे तुम्ही आत सांगितलंत ना?"

"सांगितलं. त्यांचे वकील म्हणाले, मलम बाजारात मिळतं. बाईंनी सुरकुत्या घालवायला लावलं असेल."

प्रणालीने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "आशाची चिता विझली नव्हती, मॅडम. आणि मी नटत बसले होते म्हणे."

डॉक्टरांना मान वर करवेना. त्यांचाही चेहरा विशीतला होता. तो त्यांना त्या क्षणी नकोसा झाला.

राहिली सानिका. तिची हालत गंभीर म्हणून तिला गोव्याला हलवलं होतं, त्यामुळे कंपनीची नर्स तिथवर पोचली नव्हती. तिचा डावा गाल, गळा आणि खांदा भाजला होता. पुढची तारीख दीड वर्षानंतरची मिळाली.

डॉक्टर मलम घेऊन तिच्याकडे गेल्या. प्रणाली सोबत होती.

"सुरकुतीचं वेगळं, पण भाजल्याचा खोल डाग जुना होऊन घट्ट झाला की हे चालत नाही," त्यांनी सानिकाला स्पष्ट सांगितलं. "वर्षाच्या आत लावायला हवं. आणि फक्त गालाला लावून भागणार नाही. ते रक्तातून अंगभर जातं, खांद्यावरची खूणही पुसेल."

"म्हणजे चेहरा हवा तर साक्ष नाही."

"हो. लाव तू. तुझ्याकडून हे मागायचा कोणाला हक्क नाही."

सानिकाने जावेकडे पाहिलं. "ताई, तू सांग."

प्रणाली इथे यायला निघाली तेव्हा नको लावू असंच सांगणार होती. जावेचा चेहरा पाहून तिचा धीर सुटला. "लाव बाय," ती म्हणाली. "तुझी चिमी जवळ येत नाही तुझ्या."

"येईल हळूहळू," सानिका म्हणाली. "आशाच्या मुलाने कोणाजवळ जायचं?"

तिने मलम घेतलं नाही.

दीड वर्षाने तिने न्यायालयात ओढणी काढली आणि खांदा काचेला टेकवला. कातडीने सगळं सांगितलं. वाफ किती गरम होती, अर्क कुठला होता, दिवस कोणता होता. कंपनी दोषी ठरली, व्यवस्थापक तुरुंगात गेला. चिमी आता आईच्या मांडीवर बसत होती, पण उजव्या बाजूलाच.

पुढच्या हंगामात डॉ. मोकाशी कारखान्यावर गेल्या. फाटकाशी बायकांची रांग होती. एकेक बाई बाह्या वर करून पुढे सरकत होती आणि एक नर्स तिच्या हातांना, गळ्याला, तोंडाला मलम चोळत होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी नव्या व्यवस्थापकाला विचारलं.

"सुरक्षा उपाय, मॅडम. रोज, कामावर येताना. सरकारने आमचं कौतुक केलंय. तुमचंच संशोधन आहे, आम्ही फुकट देतो."

"आणि जी लावून घेणार नाही ती?"

"तिला आत कसं घेणार? नियम आहे."

डॉक्टर रांगेशी गेल्या. एका बाईचा हात त्यांनी हातात घेतला. ती बरीच वर्षं इथे साली सोलत होती, असं ती म्हणाली. तिच्या हातावर ओरखडाही नव्हता.

"कधी भाजलं वगैरे होतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईने नर्सकडे पाहिलं, मग आपल्या गुळगुळीत हाताकडे.

"कुठे काय," ती म्हणाली. "तुम्हीच बघा ना."