नवी बसवूनही देणार नाही

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं, तेव्हा माझ्या हातात एका बाईचा वरचा जबडा होता. प्लास्टरचा, आणि मधोमध तडकलेला.

आमची लॅब तळमजल्यावर. दातांचे डॉक्टर पेशंटचं माप पाठवायचे आणि बाबा आणि मी त्यावरून कवळी करून द्यायचो. वरचा शिवणक्लास बंद पडून तिथे कोणी पोरं भाड्याने आली होती. त्या दिवसापासून आमच्या फळीवरचे जबडे कडाकडा वाजत पुढे सरकत होते. हा पहिला, जो खाली आला. बाबा बाहेर गेले होते म्हणून भांडायला मी गेले.

दार उघडलं ते घामाने निथळणाऱ्या एका उंच मुलाने. हातात दोन काठ्या.

"हा काय प्रकार आहे?" मी जबडा पुढे केला.

त्याने तो नीट निरखून पाहिला. "वरचा आहे ना? खालचा कुठाय?"

"शाबूत आहे. अजून तरी."

"म्हणजे अर्धीच तक्रार आहे तुमची."

मी हसणार नव्हते. "आवाज कमी करा."

"कसा करणार? हे ऑल्टरनेटिव्ह मेटल आहे."

"मेटल कळलं. भांडी गडगडल्यासारखं. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे?"

"म्हणजे… मध्येमध्ये हळू होतं."

"मग त्या मधल्याचाच सराव करा."

आतून कुणीतरी खेकसलं, "ठोक्या, कोण आलंय रे?"

"खालून दात आलेत!" तो माझ्याकडेच बघत ओरडला.

संध्याकाळी तो रबराची चटई घेऊन खाली आला आणि फळीवर अंथरून जबडे एकेक करून परत मांडू लागला. चुकीच्या जोड्या लावल्या त्याने. मी त्या सोडवत बसले, आणि चिडण्याऐवजी मला मजा वाटली. मग तो रोजच येऊ लागला. मेणात दात बसवायचं काम त्याने मागून घेतलं.

"हात स्थिर ठेव."

"तू बघत असलीस की जमत नाही."

"मग नाही बघत."

"मग तर… मुळीच जमणार नाही."

बाबा चष्म्यावरून मला म्हणाले, "त्याला सांग, कवळी करताना तुझ्याकडे बघू नये त्याने. दात तिरके येतायत. एखादी म्हातारी जन्मभर डावीकडे चावत बसेल."

बँडचं नाव होतं 'गंज'. गाणारा भोंगा, ड्रमवर ठोक्या आणि गिटारवाले दोघे भाऊ. महिनोन्महिने त्यांना कुणी विचारत नव्हतं. मग एका दुपारी, बाबा एका अवघड कवळीवर काम करत असताना वर असा दणका सुरू झाला की ते चपलाही न घालता जिना चढले. मी खालून ऐकलं. सगळ्या इमारतीने ऐकलं.

"बंद करा ते! माणसं राहतात खाली, माणसं! पुन्हा आवाज आला तर एकेकाची बत्तिशी घशात घालीन… आणि नवी बसवूनही देणार नाही!"

ड्रमपुढचे माइक चालू होते. ठोक्याने रेकॉर्ड झालेला तो आवाज ठेवून दिला, भोंग्याने त्याच्यावर गाणं बांधलं. सुरुवातीला शांतता, मग बाबा, आणि मग सगळी वाद्यं एकदम. ते गाणं वणव्यासारखं पसरलं. आधी छोटे हॉल, मग कॉलेजं, मग मैदानं. बाबांच्या वाक्याला हजारो पोरं सूर मिळवून ओरडायची. ठोक्याच्या डाव्या हाताशी तो आवाज भरलेलं एक छोटं पॅड असायचं. त्यावर काठी मारली की बाबा ओरडायचे.

बाबांना गाणं ऐकवायला चौघंही माना खाली घालून आले होते. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "माझा भाग सोडला तर बाकी भिकार आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला स्वतःच बोलावून ऐकवलं.

मग बाबा गेले. कामाच्या टेबलावर, सकाळी, हातातलं मेण अजून मऊ होतं.

त्या दिवसांत ठोक्या येऊन नुसता बसायचा. मी काम करायचे, तो फरशी पुसायचा.

लॅबची वीज बाबांच्या नावावर होती. ते नाव बदलायला मी वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने बाबांच्या नावावर रेघ मारली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "बंद करा ते! माणसं राहतात खाली…"

तो हसला. "भारी आहे ना म्हातारा?"

मी "हो" म्हटलं. सही केली. बाहेर आले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले. मला त्याचा फोन फोडायचा होता. खिडकी फोडायची होती. ज्या ज्या तोंडाने बाबांचं वाक्य ओरडलं होतं ते प्रत्येक तोंड बंद करायचं होतं.

मी तशीच वर गेले. चौघेही होते. भोंगा लगबगीने पुढे आला.

"ताई, बरं झालं आलात. काकांचा एक छान फोटो हवाय. परवाच्या मोठ्या शोला आपण त्यांना श्रद्धांजली देतोय. मागे भला मोठा पडदा, त्यावर काका, आणि सगळं मैदान त्यांच्याबरोबर ओरडणार! अंगावर काटा येईल."

"फोटो मिळणार नाही. आवाजही काढून टाका."

"असं कसं? त्या गाण्यावर तर उभे आहोत आम्ही. आणि ताई, तो आवाज आता लोकांचा झालाय."

"लोकांचा? लोकांनी रात्रभर त्यांचे पाय चेपले होते?"

मी ठोक्याकडे पाहिलं. त्याने बोलायला हवं होतं. एक शब्द… नुसतं "ती बरोबर बोलतेय" एवढंच. तो खाली वाकून ड्रमचा स्क्रू पिळत राहिला. घट्टच होता तो स्क्रू.

मी जिना उतरले. तो संध्याकाळी आला, तेव्हा दार उघडलं नाही.

तरीही शोला गेले. काय करतात ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे मग आयुष्यभर रागावता आलं असतं. त्यांची गाणी काढणाऱ्या कंपनीचे बडे लोक पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर फोटो नव्हता, कारण तो मी दिला नव्हता. दिवे मंद झाले. भोंग्याने हात वर केला. मैदान गप्प झालं. ठोक्याची डावी काठी पॅडवर उचलली गेली… आणि तिथेच थांबली. मग त्याने ती हळूच मांडीवर ठेवली.

शांतता. भोंग्याने मागे वळून पाहिलं. आणि मग अंधारात कुठूनतरी एक मुलगी ओरडली, "बंद करा ते!" दुसरा ओरडला. आणि मग सगळं मैदान. बाबा "आणि"च्या आधी जो श्वास घेत तोही त्यांनी घेतला. हजारो माणसांनी, एकदम. मला रडू आलं नाही. इतका संताप आला की कानशिलं ठणकायला लागली. बाबा माझे होते, आणि त्यांचा श्वास या अनोळखी माणसांना तोंडपाठ होता.

भोंग्याने माइकचा स्टँड उचलून ड्रमवर फेकला. तो ठोक्याच्या कपाळाला लागला. "विकलास आम्हाला! एका पोरीसाठी!" तो ओरडला, आणि माइक चालूच असल्याने तेही सगळ्यांनी ऐकलं. एका भावाने गिटारची वायर उपटली. दुसरा निघून गेला. लोकांना आधी वाटलं, हा शोचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लॅबमध्ये आला. कपाळावर वाळलेलं रक्त. त्याने पॅड माझ्यापुढे ठेवलं.

"बँड संपला."

"ऐकलं सगळ्या गावाने."

"मला वाटलं, तुला…"

"काय वाटलं? मला बरं वाटेल? उपकार केलास?" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "रेकॉर्ड करताना विचारलं नाहीस. गाण्यात घालताना विचारलं नाहीस. वर येऊन मी भांडले, तेव्हा स्क्रू पिळत बसलास. आणि काल बंद करतानाही विचारलं नाहीस! माझे बाबा आहेत ते. तुमचं बटण नाही!"

तो म्हणाला, "उपकार नाही केला. इतके दिवस मी काठी मारून त्यांना बोलायला लावत होतो. ते होते तोवर काही वाटायचं नाही. काल हात उचलला आणि… मारता येईना."

मी पॅड जवळ ओढलं.

"आता विचारतो," तो म्हणाला. "मूळ आवाज यातच आहे. पुसून टाकू?"

मी त्या काळ्या चौकोनाकडे पाहत राहिले. माझ्याकडे बाबांचे फोटो होते. त्या सगळ्यांत ते परक्या घरी गेल्यासारखे हसतात. आवाज दुसरा कुठलाच नव्हता. रोज घरात असणाऱ्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतं?

"नको. पण हे माझ्याकडे राहील. मी म्हणेन तेव्हाच वाजेल."

"आणि लोक?"

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ओरडू देत, फोनवर वाजवू देत. त्यांना वाक्य मिळालंय. बाबा नाही मिळाले."

त्याने मान हलवली. मग उगाच एक कवळी उचलून परत ठेवली. "अजून एक विचारू?"

"विचार."

"वरची खोली सोडतोय. बँड नाही, ड्रम फुटलेत. आता तुमच्या फळीवरून काही पडणार नाही. म्हणजे मला खाली यायला तसं काही कारण… तरी येत जाऊ?"

राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही पुरता गेलेला नाही. मी कापूस औषधात बुडवला, त्याला स्टुलावर बसवलं आणि कपाळावर दाबला, जरा जास्तच जोरात.

"आई गं!"

"गप्प बस. हे काय विचारायचं असतं, गाढवा?"

तो गप्प बसला. आणि माझा दुसरा हात त्याने धरला… न विचारता.