जमादाराचा घोडा

संग्रामपूरचे रंगराव देशमुख धाकट्या भावाला घेऊन जळगाव जामोदच्या बाजाराला निघाले, तेव्हा काम अगदी साधे होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रपूजेसाठी नारळ, कापूर आणि तांबडा खण आणावयाचा होता. सन एकोणीसशे एकतीस, आश्विन शुद्ध अष्टमी.

ही हकिगत देऊळघाटच्या रामराव मास्तरांनी अंधार पडल्यावर आपल्या पुतण्यांना सांगितली. मास्तर रंगरावांना ओळखत होते. मास्तरांनी आयुष्यात थट्टेनेही खोटे बोलल्याचे कोणाला ठाऊक नाही. सांगण्यापूर्वी त्यांनी कंदिलाची वात खाली केली. "उजेड राहू द्या ना, मास्तर," एक पुतण्या म्हणाला. मास्तर म्हणाले, "तेल फुकट येत नाही. आणि भिणारा उजेडातही भितो. ऐका."

रंगराव माणूस वाईट नव्हते. स्नानसंध्या करीत, दारचा याचक विन्मुख पाठवीत नसत. त्यांना एकच नाद होता. पलटणीतली जुनी रिव्हॉल्व्हरे मिळवावी, खोलावी, घासलेटात भिजवावी, गंज काढावा, झिजलेला भाग नवा घडवावा आणि मग नाल्याच्या काठाला निशाण लावून उडवून पाहावी. बुलढाण्याच्या साहेबाचा परवाना होता. महूच्या छावणीतून, अकोल्याच्या लिलावातून त्यांनी कितीतरी आणली. मोडके म्हणून एकही ठेवले नाही. नादाला बुद्धी नसते. त्याला फक्त हात असतात.

त्या वर्षीच्या श्रावणात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून गोजरबाईचा निरोप आला. ती जमादार मोतीरामाची विधवा. नवऱ्याला पलटणीच्या साहेबाने निरोपाच्या वेळी त्याचेच लढाईतले रिव्हॉल्व्हर बक्षीस दिले होते. नवरा गेला, परवाना संपला, पोलीसपाटील तगादा लावू लागला. रंगराव गेले. बाईने देवघरातून फडक्यात बांधलेले शस्त्र आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

रंगरावांनी घोडा मागे ओढला आणि कपाळाला आठी घातली. घोड्याच्या पुढची चोच, जी काडतुसावर आपटते आणि गोळी उडवते, ती नव्हती. झिजली नव्हती. कोणीतरी कानशीने घासून सपाट केली होती.

"हे कोण्या गाढवानं केलं?"

"त्याईनंच केलं, बापू," गोजरबाई म्हणाली. "बसऱ्याच्या लढाईत राती पहाऱ्यावर होते. अंधारातून कोनी येऊन राह्यलं म्हून हाक मारली. जबाब नाही आला. याच्यातूनच गोळी झाडली. थो त्याईचाच धाकटा भाऊ होता, नारायण. यायच्यासाठीच पानी आनाले गेलता. तोंडात पान्याचा घोट होता, म्हून बोलला नाही."

रंगरावांनी बोटाने घोड्याची सपाट कड चाचपली.

"घरी आल्यावर पह्यलं काम हेच. कानस घेतली अन् घोडा घासला. म्हनले, आता याच्यातून गोळी उडनार नाही. जलमभर देवापुढं ठेवलं. मले पैसा नको, बापू. फक्त जसं हाये तसंच ठेवा. तुळशीवर हात ठेवून सांगा."

रंगरावांनी अंगणातल्या तुळशीवर हात ठेवला. "हाव. तसंच ठेवतो."

"आता नीट लक्ष द्या," मास्तर पुतण्यांना म्हणाले. "शपथ मोडणारा माणूस आपल्या पापाला कधी पाप म्हणत नाही. तो शास्त्र शोधतो."

रंगरावांना शास्त्र सापडले. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. मग खंडित शस्त्र तरी खंडेनवमीला देवापुढे कसे मांडावे? तो देवाचाच अपमान नव्हे काय? एवढे मनाशी ठरले आणि हात मोकळे झाले. भाद्रपदभर बसून त्यांनी जातिवंत पोलादाची नवी चोच घडवली, घोड्यात बसवली, पाणी दिले. रुखमाबाई, त्यांची पत्नी, एकदा म्हणाली, "त्या बाईले सबूद देला होता ना तुम्ही?" ते म्हणाले, "बायकांना पूजेतलं काय समजतं?"

एका माणसाने आयुष्यभर जपलेले प्रायश्चित्त रंगरावांनी दोष समजून दुरुस्त केले.

आता धाकट्या भावाविषयी. त्याचे नाव शालिग्राम. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. मरताना तिने त्याचा हात रंगरावांच्या हातात दिला आणि म्हणाली, "याले जप." रंगरावांना पुढे मूलबाळ झाले नाही. शालिग्राम भाऊही तोच, मूलही तोच. त्याला ठेच लागली तर रक्त रंगरावांच्या पायातून येई. त्याचे लग्न ठरले होते, दिवाळीनंतर.

तर बाजार झाला. नारळ, कापूर, खण घेतला. एका ओळखीच्या घरी जेवण झाले, गप्पा लांबल्या आणि दमणी परतीला लागली तेव्हा रात्र बरीच झाली होती. बैल शालिग्राम हाकत होता. रस्त्यात कोरडा नाला लागतो. तेथे रंगराव कमरेचे जमादाराचे रिव्हॉल्व्हर काढून म्हणाले, "थांब. एक गोळी उडवून पाहू. उद्या पूजेला बसवायचं तर चालतं का थे पाह्यलं पाह्यजे."

"आता? अर्ध्या राती?" शालिग्राम हसला. "काय दादा! बुढ्या घोड्याले नवे दात बसवले, आता चंदी चारल्याबिगर घरी नेत नाही वाटते!"

"तुह्या लग्नात याचाच बार काढतो. मंग हास."

"पोरीचा बाप पळून जाईन, दादा. मंग तुमच्याच घोड्यावर बसून त्याले धुंडा लागीन मले."

चंद्र पश्चिमेला टेकत होता, पण दिसण्यापुरते चांदणे होते. रंगरावांनी पलीकडच्या काठावर पांढरा दगड मांडला आणि झाडली. बार झाला. दगड उडाला. रंगरावांच्या छातीत आनंद मावेना. त्यांनी पुन्हा काडतुसे भरली. शालिग्रामने बैल सोडून चाकाला बांधले. "थोडे दम खाऊ द्या यायले. मी पडतो," म्हणून तो घोंगडी घेऊन दमणीत आडवा झाला. रंगराव कडेच्या दगडावर बसून नळी पुसू लागले.

चंद्र मावळला.

प्रथम रातकिडे थांबले. रंगरावांच्या ते लक्षात आले नाही. मग बैल उभे राहिले. दोन्ही बैलांनी माना एकाच दिशेला वळवल्या. नाल्याकडे. फुरफुरले नाहीत. शेपूट हलवली नाही. नुसते पाहत राहिले…

नाल्यातून कोणीतरी वर येत होते.

पावलांचा आवाज नव्हता. अंधारात अंधाराचा एक अधिक दाट तुकडा, माणसाच्या उंचीचा. एका हातात काहीतरी लोंबत होते. बाटलीसारखे. त्यातले पाणी डुचमळत होते. तेवढाच आवाज.

नाला कोरडा होता.

"कोन हाये?" रंगरावांनी हाक मारली.

उत्तर नाही.

त्यांच्या मनात आले, शालिग्रामच असेल. तहान लागली असेल, उतरला असेल. ते मागे सरकले, दमणीत हात घातला आणि घोंगडी चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रिकामी.

"शालिग्राम? तूच हायेस ना बे?"

उत्तर नाही. आकृती एक पाऊल पुढे आली. तेव्हा तो आवाज ऐकू आला. गळ्यातला. तोंड पाण्याने भरलेला माणूस बोलू पाहतो, तसा… गुळगुळ… आणि थांबला.

"बोल ना रे! बोल माया बाप्पा, बोल!"

गुळगुळ…

रंगरावांनी पाहिले की आपला उजवा हात वर उठला आहे. त्यांनी उचलला नव्हता. त्यांनी तो खाली ओढला. आला नाही. डाव्या हाताने मनगट धरले. तेव्हा कळले, त्या मुठीवर दुसरी एक मूठ आहे. थंड. वाळूसारखी कोरडी. सवय असल्यासारखी शांत.

ती मूठ नेम धरीत होती.

त्यांना ओरडायचे होते, पळ, शालिग्राम, पळ. जीभ टाळूला चिकटली. रामनाम आठवेना. ज्या जिभेने तुळशीपुढे खोटे बोलले, तिच्यावर त्या घटकेला देवाचे नाव आले नाही.

घोडा मागे गेला. नवी चोच चकाकली. चांदणे नव्हते, तरी चकाकली.

"नको…"

बार झाला.

त्या एका उजेडात समोरचा चेहरा दिसला. डोळे उघडे. गाल पाण्याने फुगलेले. शालिग्रामचा चेहरा.

मग अंधार… आणि काही पडल्याचा आवाज.

"मंग, मास्तर?" एका पुतण्याने विचारले. घरात कोणीतरी भांडे ठेवले, त्याने सारे दचकले.

रंगराव धावले. गुडघ्यावर पडले, हातांनी जमीन चाचपू लागले. खडे. धूळ. काटे. माणूस नाही. ते रांगत नाल्यापर्यंत गेले. कोरडी वाळू. ते लहान मुलासारखे रडू लागले, आईला हाका मारू लागले, "माय, म्या मारला वं… माय, तुह्या हातानं देलेला म्या मारला…"

"दादा?"

आवाज मागून आला. दमणीतून.

"दादा, काऊन रडता? काय झालं?"

रंगराव वळले. जागचे हलेनात. आता त्या आवाजाचीही भीती वाटत होती. शेवटी त्यांनी दमणीखालचा कंदील सोडला, काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली.

शालिग्राम घोंगडीत उठून बसला होता. डोळे चोळत होता.

"तू… तू कुठं गेलता?"

"मी? अठीच तं निजलो होतो. तुमचा बार ऐकून जागा झालो." तो घाबरून खाली उतरला. "कोनी चोर आला होता का, दादा?"

रंगरावांनी त्याला मिठी मारली. गरम अंग. चालता श्वास. जिवंत. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मानेवरून, खांद्यावरून, छातीवरून…

हात छातीवर थांबला.

"दादा, काय झालं? बोला ना."

त्यांनी कंदील वर धरला. शालिग्रामच्या बंडीला, डावीकडे, नेमके काळजावर, बोट जाईल एवढे भोक होते. त्यांनी त्याला वळवले. पाठीवर दुसरे. त्यांनी बंडी वर केली. खालची कातडी कोरी होती. ओरखडाही नाही.

आणि भोकाच्या काळ्या कडेतून धुराची बारीक रेघ अजून वर जात होती.