दुसऱ्या फेरीतली आई

"आई, तू सामानाबरोबर ये हं, दुसऱ्या फेरीला!" नावेत पाय ठेवता ठेवता मुलगा म्हणाला, आणि बायकोला नि बहिणीला घेऊन निघूनही गेला.

धक्क्यावर उरल्या पिशव्या, वळकट्या, ट्रंका… आणि ती! तळ्यापलीकडच्या झाडीत त्यांचं सुट्टीचं घर होतं. तिकडे रस्ता नव्हता, नावेनंच जावं लागे, आणि पहिल्या फेरीला माणसं, दुसऱ्या फेरीला सामान नि आई, अशी घरात रीतच पडून गेली होती. पहिल्या वर्षी रॉकेलचा डबा कलंडू नये म्हणून कुणीतरी तो पायांत धरून बसायला हवं होतं, एवढंच काय ते कारण! पुढे गॅस आला, डबा गेला, पण तिची जागा काही बदलली नाही. आता तर डबा कुणाला आठवतही नव्हता.

मुलगा परत आला, सामान रचलं, आणि उरलेल्या सांदीत ती अंग चोरून बसली. वल्ही मारता मारता तो अगदी खुशीत बोलत होता.

"पाणी बघ ना, आई! बाबा असते तर म्हणाले असते, हिला आता तळं सोडवायचं नाही."

बाबा गेल्याला वर्ष झालं होतं. हे वाक्य मात्र ते दरवर्षी चारचौघांत म्हणत, सगळे हसत, आणि तीही हसे… हसण्यावाचून दुसरं करणार तरी काय होती!

नाव जराशी हलली तसा तिचा गुडघा एका वळकटीतल्या कशावर तरी आपटला. तिनं हात घातला. थंडगार, गोल, गुळगुळीत चाक… मनाला कळायच्या आधी हाताला कळलं. तिनं वळकटी उलगडली. तिचं शिलाई मशीन!

"सोन्या, हे इथं कशाला आणलंस? आठ दिवसांसाठी आलोय ना आपण?"

मुलाचा चेहरा उजळला. "छ्या! पाहिलंस होय? तिकडे पोचल्यावर सगळ्यांनी मिळून सांगायचं ठरलं होतं. आई, तू आता इथंच राहायचंस. कायमची! घर रंगवून घेतलंय, मदतीला एक बाई येतील. तुझ्या खोल्यांची किल्ली मी उद्या घरमालकांना देऊन टाकतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दोन खोल्या! बाजाराच्या रस्त्यावरच्या, जिन्यात कायम कुणाची तरी सायकल आडवी असणाऱ्या, खालच्या लाँड्रीच्या इस्त्रीचा वास येणाऱ्या… नवरा गेल्यावर तिनं तिथं शिवणाचा वर्ग काढला होता. दुपारी मुली यायच्या, फडाफडा बोलायच्या, चुकीचं कापड कापायच्या, तिच्याकडून ओरडा खायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! साठीला टेकल्यावर पहिल्यांदा तिचं म्हणून काही उभं राहिलं होतं. आणि ते मोडायला हा निघाला होता… हसत हसत, प्रेमानं!

"नाव वळव," ती म्हणाली.

"आई, गंमत पुरे हं."

"गंमत? मला विचारलंस तू? कुणी तरी विचारलंत? ट्रंका नेता तसं मला उचलून ठेवायला निघालात!"

"तुझ्यासाठीच केलं ना सगळं!" त्याचाही आवाज चढला. "तुझी एवढी आवडती जागा! दरवर्षी निघताना ढसाढसा रडायचीस. आम्ही पलीकडच्या काठावरून पाहायचो ना तुला!"

"रागानं रडायचे मी!"

वल्ही थबकली.

"रागानं रे, रागानं! तुम्ही पहिल्या फेरीला निघून जायचात, आणि मी मागे राहून फरश्या पुसायचे, गाद्या गुंडाळायचे, तुमच्या चिखलाच्या चड्ड्या बांधायचे. दोन महिने तुम्ही पाण्यात आणि मी चुलीपुढे! एकदा तरी मला कुणी म्हणालं, चल, जरा पाय बुडवून बस? ज्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात मला कटिंगची मुख्य करणार होते, त्याच वर्षी ह्या तळ्यासाठी रजा मागितली मी. दुसरीला केलं त्यांनी. घरी येऊन तुमच्या बॅगा भरल्या. तळ्याचा वीट आलाय मला… वीट!"

संतापानं तिचा आवाज चिरकला. मुलगा पांढराफटक पडला होता.

"मग बोलली का नाहीस कधी?" तोही चिडूनच म्हणाला. "एवढी वर्षं! आम्हाला स्वप्न पडणार होतं का?"

"कशी बोलणार होते?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "घरी जिना चढताना तू दर पायरीला थांबायचास. रात्र रात्र तुझी छाती वाजायची. आणि इथं… इथं पहिल्याच वर्षी घरापासून पाण्यापर्यंत पळत गेलास तू! डॉक्टर म्हणाले, ही हवा सोडू नका. मग कुठल्या तोंडानं सांगायचं होतं, की मला नाही यायचं?"

इतक्या वर्षांत मुलाच्या दम्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. तो आपोआप गेला, असंच तो समजत आला होता… त्याची किंमत कुणीतरी अशी गुपचूप चुकवत होतं, ह्या जाणिवेनं त्याचं अंतःकरण पिळवटून निघालं.

पण तिचा राग काही थांबणार नव्हता! ती ट्रंकेवरून पाय टाकून त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याच्या हातातलं एक वल्हं हिसकावून घेतलं आणि जिवाच्या आकांतानं ओढू लागली. एकाच बाजूनं ओढल्यावर नाव गर्रकन फिरली आणि तोंड आलं ते मागच्या धक्क्याकडे.

"आई! दादा!" पलीकडून लेकीनं हाक मारली. "अरे, कुठं चाललात?"

"घरी!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की स्वतःच दचकली. ह्या तळ्यावर तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

मुलानं आपलं वल्हं पाण्यात घातलं, तिच्या लयीशी लय जुळवली.

"चुकलं गं माझं," अखेर तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांचंच. किल्ली माझ्याकडेच आहे. कुणाला देत नाही."

"माझा राग गेलेला नाही. सांगून ठेवते."

"जाऊ नको देऊस. सगळं सांग मला. पहिल्या वर्षापासून."

तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, पण नजर वळवली नव्हती त्यानं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सुरुवात केली, भांडल्यासारखीच, एकेक गोष्ट आपटत…

नाव काठाला लागली तेव्हा तिच्या सांगण्यातलं तिसरंच वर्ष चाललं होतं, आणि मुलगा जागचा उठला नाही.