रंगाखालची सहा अक्षरं

"मामा, थांब ना जरा. या फळीवर काहीतरी कोरलंय."

सुट्टीला आलेल्या दोघी बहिणी सकाळपासून मामाच्या सुतारकामाच्या दुकानात जुन्या फळ्या घासत होत्या. थोरली ताई. धाकटीचं नाव चिमणी पडलं होतं, कारण तिची चिवचिव कधी थांबतच नसे. पण आता तीही गप्प झाली होती. पांढऱ्या रंगाच्या थराखालून सहा अनोळखी अक्षरं वर आली होती.

"कुणीतरी वेळ घालवला असेल," मामा म्हणाला. "पाडलेल्या इमारतीचं लाकूड ते. चार वाजता गिऱ्हाईक कपाट न्यायला येणार. इथे कापायचं, कपाटात ठोकायचं, संपलं." त्याने अक्षरांमधूनच पेन्सिलीची रेघ ओढली.

"वेळ घालवायला कोण इतकं एकसारखं कोरतं?" ताईने विचारलं.

"बाईसाहेब, तुम्हीच दुकान चालवा. मी जातो सुट्टीवर," म्हणत मामा डबा खायला बसला.

चिमणीने फळीवर कागद ठेवून पेन्सिल घासली. अक्षरं कागदावर उमटली. "शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांच्या कॅलेंडरवर अशीच अक्षरं आहेत," ती कुजबुजली आणि धूम पळाली.

मामा हात धुऊन आला. करवतीच्या यंत्राकडे वळला. चिमणी येईपर्यंत त्याला थांबवायचं कसं? ताईला फळीच्या कडेची गंजलेली भोकं दिसली. तिने स्क्रू वेचायचं लोहचुंबक उचललं आणि फळीवरून फिरवलं. रेघेपाशी ते दोनदा ठक्कन चिकटलं.

"मामा, खुशाल कर सुरू. फक्त पातं तुटून कुणाच्या डोळ्यात जायचं, ते आधी ठरव."

मामाचा चेहरा उतरला. "आत खिळे राहिलेत. हे सकाळीच बघायला हवं होतं मी." तो पक्कड घेऊन बसला. दुसरा खिळा निघतो न निघतो तोच आजोबा चिमणीबरोबर दारात आले. त्यांच्या हातात तिचा कागद होता.

त्यांनी उजवीकडून डावीकडे एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"हल्लेलूयाह," ते म्हणाले. "हिब्रू शब्द आहे. फार जुन्या स्तोत्रांमधला. आमच्या ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या दारावर ही फळी होती. माझ्या वडिलांनी कोरलेली. इमारत पाडली तेव्हा मी आजारी होतो. मला वाटलं, जळण झालं हिचं."

"पण अर्थ काय त्याचा?" चिमणीने विचारलं.

"ही पहिली चार अक्षरं, हल्लेलू. म्हणजे 'स्तुती करा', सगळ्यांना मिळून सांगितलेलं. आणि ही शेवटची दोन, याह. देवाच्या नावाचं छोटं रूप. हे नाव आम्ही कधी पुसत नाही, टाकत नाही."

ताईने मामाची रेघ पाहिली. ती बरोबर चौथ्या अक्षरानंतर होती.

"म्हणजे मामा, कपाटात नुसतं 'स्तुती करा' राहिलं असतं," ती हळूच म्हणाली. "कुणाची, ते भुशात गेलं असतं."

मामाने अंगठ्याने ती रेघ पुसली. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला उद्या बोलावतो. आजोबा, फळी तुमची. चुकलं माझं. या पोरींनी मला लाकूड बघायला शिकवलं."

"आणि मला माझे वडील आणून दिले," आजोबा म्हणाले. त्यांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं घर ओस पडल्यापासून हा शब्द मी घड्याळांनाच ऐकवतो."

"मग आम्हाला शिकवा," चिमणी म्हणाली.

आजोबांनी शब्द सावकाश उच्चारला. दोघींनी तो म्हटला. आणि शेवटी, पक्कड खाली ठेवून, मामानेही.