महिपतची चढाई

मोरू, दार ओढून घे. आणि तो पाय सरळ ठेव रे, उद्या त्याचंच ऑपरेशन ना? मघापासून बघतोय, मांडीखाली मुडपून बसलायस. आमच्या वेळी गुडघा गेला की गडी गेला. हळदीचा लेप लावायचा आणि मैदानाबाहेर बसून टाळ्या पिटायच्या. आता दुर्बीण घालतात. दोन भोकं पाडतात, गुडघ्याच्या आतलं टीव्हीवर बघतात, फाटलेली गादी कातरून काढतात, दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. चांगलंय. तरी उद्या तुला एक काम करायचंय. कुठलं, ते गोष्ट ऐकल्यावर तुझं तुलाच कळेल. हसू नका रे भडव्यांनो. वीस वर्षं पंचगिरी केलीय ह्या दाजीने. बाद नसलेला गडी कधी बाद दिला नाही, तर आता खोटं कशाला बोलू?

काळुराम माझा दोस्त. कल्याणच्या रेतीबंदरचा कोळी. घरची होडी भावाने सांभाळली, हा दवाखान्यात चिकटला. रामबागेच्या अंगाला हाडांचा एक दवाखाना होता, नाव सांगत नाही, आता बंद झालाय. तिथे हा अठरा वर्षं वॉर्डबॉय. पंचेचाळिशीचा बाप्या, पण हुद्दा बॉयचाच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटचा पाय तयार करायचं काम याचं. वस्तरा फिरवायचा, साबणाने धुवायचा, तपकिरी औषध लावायचं आणि उकळलेल्या कापडात गच्च गुंडाळायचा. सकाळी डॉक्टर गुंडाळलेला पाय बघणार आणि तोच उघडणार. समजलं? म्हणजे दुर्बीण कुठल्या पायात जाणार, हे आदल्या रात्रीच काळुरामच्या हातून ठरायचं.

सत्त्याण्णव साल. चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. अमावस्या-बिमावस्या काही नाही, चांगली त्रिपुरी पौर्णिमा होती. खाडीत बायांनी दिवे सोडलेले. काळुरामला ठाण्याला पाठवलेलं, दुर्बिणीची पेटी आणायला. तेव्हा दुर्बिणीचे डॉक्टर थोडेच, आणि दुर्बीण ज्याची त्याची. आज ठाणे, उद्या कल्याण, परवा डोंबिवली, पेशंट असेल तिथे पेटी. त्या संध्याकाळी डॉक्टरांचं एक ऑपरेशन टेंभी नाक्याजवळ होतं. ते उरकलं आणि त्यांनी पेटी याच्या हातात देताना बजावलं, "काळुराम, तू पडलास तर पट्टी बांधीन. ही पडली तर मला घरी बसावं लागेल." पठ्ठ्या एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसला, तान्हं पोर घ्यावं तशी. सव्वादहाला कल्याणला पोचला. पेटी जागेवर ठेवली, तोंड धुतलं, पाय तयार करायला गेला.

पेशंट होता डोंबिवलीचा कान्हा. तुमच्यासारखाच, कबड्डीतला. जानेवारीत त्याची बँकेची निवड चाचणी होती, खेळाच्या कोट्यातून. वय निघून चाललेलं, पुढच्या वर्षी कोणी विचारणार नव्हतं. गुडघा आत्ता दुरुस्त झाला तर नोकरी, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. सोबत मामा आलेला, तो नऊलाच घरी गेला. कान्हा झोपेची गोळी घेऊन मेल्यासारखा पडलेला. सूज उतरलेली, दोन्ही गुडघे सारखेच दिसत होते, खरचटलेले.

आणि डाव्या गुडघ्यावर काजळाची तीट होती.

काळुराम दोन पावलं मागे सरकला. का, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत महिपत होता. खडवलीचा. ह्या महिपतला मी खेळताना पाहिलाय, शिट्टी माझ्याच तोंडात होती. काय चढाई करायचा, अहाहा! मध्यरेषेला हात लावून माती कपाळाला लावायचा आणि दम धरायचा. बारीक, एका सुरात. समोर सात गडी टपलेले, पण याचा सूर तसूभर हलायचा नाही. पंच्याण्णवच्या डिसेंबरात डावा गुडघा गेला. आई सोबत आलेली, रंगूबाई. संध्याकाळी डॉक्टर डाव्या गुडघ्यावर शाईचा ठिपका काढून गेले. त्यांची पाठ वळली आणि म्हातारीने दुखऱ्या गुडघ्याला हळद-तेल चोळलं. ठिपका गेला पुसून. मग कनवटीची डबी काढली आणि चांगल्या गुडघ्याला तीट लावली. एकाला दृष्ट लागलीच, दुसऱ्याला तरी लागू नये. आईचं मन, दुसरं काय!

रात्री काळुराम आला. महिपत गोळी घेऊन झोपलेला, म्हातारी बाकाखाली कलंडलेली. याला काळा ठिपका दिसला, याने उजवा पाय गुंडाळला. कागद उशाशीच लटकत होता. बघितला नाही.

सकाळी चांगल्या गुडघ्यात दुर्बीण गेली. पुढे त्यात पू झाला, आणि गुडघा आखडला तो आखडलाच. डावा मोडका, उजवा वाकत नाही. खेळ संपला पोराचा. पुढच्या श्रावणात भातसा नदीत उतरला, पाणी वाढलं, बाकीचे पळाले. याला पळता आलं नाही.

काळुरामने काय केलं, माहितेय? डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "त्याच्या आईनेच ठिपका लावला साहेब, मी काय करू?" सगळ्यांनी म्हातारीकडे बोट दाखवलं. तेराव्याला ती ऊर बडवून ओरडत होती, "माझ्याच हातानं घात केला गं मी." हा मागे उभा राहून ऐकत होता, शब्द काढला नाही. दोस्त असला म्हणून काय झालं, मी त्याला तोंडावर सांगितलंय, काळ्या, तू पाप केलंस.

त्या दिवसापासून त्याने कान पकडलेला. ठिपका बघायचा नाही, फक्त कागद बघायचा. म्हणून कान्हाचा कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला. उजवा. आता गंमत बघा, कागदच चुकलेला. मंजुळा सिस्टरने कान्हाला समोर बसवून लिहिलेलं, आणि तिच्या उजव्या हाताला आला तो गुडघा तिने उजवा करून टाकला. पण हे त्या रात्री कोणाला ठाऊक? काळुराम मनात म्हणाला, आली असेल कोणी बाई, लावली असेल तीट. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकली. कान्हाला हलवून विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. अठरा वर्षांत त्याने एकाही पेशंटला विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझं दुखतंय कुठे? कागद आहे ना!

साडेअकराला उजवा पाय गुंडाळून झाला. बाहेर बाकावर येऊन त्याने तंबाखू मळली. बसवेना. उठला, फेरी मारली, परत बसला. तंबाखू तोंडात टाकायची राहूनच गेली.

तेवढ्यात ऐकू आलं. बारीक. एका सुरात.

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी...

वाटलं, पोरगा झोपेत बडबडतोय. आत गेला. कान्हाचं तोंड मिटलेलं. आवाज चालूच... मागून. जिन्याकडून.

आणि डाव्या गुडघ्यावर तीट. परत.

त्याने पुसली. बोळा काळा झाला, म्हणजे भास नव्हता.

घड्याळात बाराला दहा कमी. माणसाचा दम किती असतो रे? तुमचा तीस सेकंद. चांगला तयार गडी असला तर पन्नास. काळुराम काट्याकडे बघत राहिला. एक मिनिट. दोन. तीन... दम तुटत नव्हता. मधे श्वासच नव्हता. ज्याला श्वास घ्यायचा नाही, त्याचा दम तुटणार कशाने?

कोण हललं? मोरू, तूच ना? बस गप.

मग पावलं. एक पडायचं. दुसरं फरफटत यायचं, न वाकता. पडायचं... फरफटायचं. दाराशी येऊन थांबलं. रेषेवर थांबावं तसं. काळुरामने बघितलं. उंबऱ्यात चांदणं पडलेलं. माणूस नाही. आवाज तिथेच.

मग आवाज आत आला.

काळुराम डावीकडे सरकला. आवाज डावीकडे. उजवीकडे सरकला. आवाज उजवीकडे. समोर बचावाला हा एकटाच. पाठ भिंतीला लागली. खाली नजर गेली...

तीट. तिसऱ्यांदा.

आणि खांद्यावर हात पडला. गार. नुसता लागला, इतकंच. कबड्डीत तेवढाच पुरतो.

काळुरामने गुडघे टेकले. "बाद झालो रे महिपत," म्हणाला. "तुझ्या आयची चूक नव्हती. कागद होता, मीच बघितला नाही. मीच..." ढसाढसा रडला.

आवाज मागे फिरला. दाराकडे गेला. उंबरा ओलांडला... आणि तिथे दम सुटला.

शांत.

काळुराम तसाच गुडघ्यांवर खाटेपाशी गेला आणि कान्हाचे गाल थोपटायला लागला. "पोरा, ऊठ. कुठला गुडघा रे तुझा? कुठला?"

कान्हा गुंगीत म्हणाला, "डावा ना काका. किती जण विचारता?"

"अजून कोणी विचारलं?"

"आत्ता नाय का तो... लंगडणारा."

काळुरामने दाराकडे बघितलं. मग विचारलं, "आणि ही तीट कोणी लावली? आईने?"

"आई कुठून येणार? मी चार वर्षांचा असतानाच गेली." एवढं बोलून पोरगा पुन्हा घोरायला लागला.

काळुरामने उजव्याचं कापड सोडलं आणि पहाटेपर्यंत डावा पाय तयार केला. तीट मात्र शेवटपर्यंत पुसायचा धीर झाला नाही. सकाळी डॉक्टर आले तेव्हा हा दारातच उभा. कागद चुकलाय, म्हणाला. मंजुळा सिस्टरने डोक्याला हात लावला. डॉक्टरांनी कान्हाला विचारलं, स्वतः दाबून बघितलं, डाव्यातच दुर्बीण घातली. गादी फाटलेली होती, काढली. जानेवारीत पोराने चाचणीत असा धुमाकूळ घातला की बँकेने हातोहात उचलला. पुढे बरीच वर्षं खेळला.

रविवारी काळुराम खडवलीला गेला. एकट्याची छाती होईना म्हणून मला सोबत घेतलं, तेव्हा इथून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रंगूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. याने तिचे पाय धरले आणि पंच्याण्णवचं सगळं सांगितलं. कागद, ठिपका, स्वतःचं गप्प बसणं, सगळं. शुक्रवारच्या रात्रीबद्दल मात्र चकार शब्द नाही. मीही नाही.

म्हातारी रागावली नाही. रडलीही नाही. सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. मला वाटलं होतं, शिव्या घालील. त्यापेक्षा हे बघणं कठीण होतं.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली, "ह्या हातानं कुनाच्या पोराला तीट नाय लावली मी. लेकीच्या पोराला पन नाय."

आत पाळण्यात नातू होता. ती उठली. फडताळात हात घालून मागून एक पुरचुंडी काढली. चिंधीत बांधलेली, वर सुतळीची गाठ, गाठीवर धूळ. तिला सोडवेना, मी दातांनी सोडवली. आतल्या काजळाच्या डबीचं झाकण गंजून बसलेलं, ते काळुरामने नखाने उचकटलं.

दोन वर्षांचं काजळ. वाळून त्याचा खडा व्हायला हवा होता. मऊ होतं, ओलं. आणि त्यात बोट फिरवल्याच्या खुणा होत्या.

रंगूबाईने एका खुणेत आपलं बोट ठेवून बघितलं. बारीक बोट तिचं, दोन्ही बाजूंना जागा उरली. तिच्या ओठांवर पोराचं नाव आलं.

काळुरामने माझं मनगट घट्ट धरलं. मी खुणा मोजल्या. पंच आहे मी, परत मोजल्या.

तीन होत्या.