तीट

"वर्षातून एकदा कण बंद करून डोळे तपासायचे. स्वच्छ दिसत असलं तरी," असं डॉ. बेनोडेकरांनी बजावलं, तेव्हा हर्षला हसली होती. "अहो डॉक्टर, चष्मासुद्धा सुटला माझा. आता तपासायचं काय?"

पूरककण नसलेला माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. डोळ्यामागच्या नसेवर बसवलेला हा मोहरीएवढा कण. नजरेत कुठे धूसर जागा आली, की आधी पाहिलेलं आठवून तो ती जागा बेमालूम भरून काढी.

त्या सकाळी कुहूला न्हाऊ घालून, धुरी देऊन हर्षलाने काजळाची डबी उघडली, तर लेकीच्या गालावर तीट होतीच. आत्ता तर चोळून तोंड धुतलं! तिने बोट फिरवलं. बोट स्वच्छ, तीट जागच्या जागी. तिने नजर जरा बाजूला केली, तीट गेली. पुन्हा सरळ पाहिलं, आली.

तशीच ती दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी कण बंद केला आणि समोरच त्यांचा अर्धा चेहरा नाहीसा झाला.

"काचबिंदू. डोळ्यातला दाब नस मारत जातो. दुखत नाही, खुपत नाही. पूर्वी माणूस निदान उंबऱ्याला ठेचकाळून आमच्याकडे यायचा. या कणाने तेही होऊ दिलं नाही."

"पण मला दिसत होतं हो!"

"दिसत नव्हतं. आठवत होतं."

"म्हणजे मी माझी पोर..."

"बरीचशी कालची बघत होतात. गेली ती नजर गेली. उरलेली थेंबांनी राखू. आता दर तीन महिन्यांनी यायचं. हा आजार घराण्यात उतरतो. आणखी कुणाला?"

"छे! बाबांना तर अगदी स्वच्छ दिसतं. या वयात अकोलाभर स्कूटर..." ती बोलता बोलता थांबली.

घरी येताच तिने व्हिडिओ कॉल लावला. कुहू तिच्या खांद्यावर झोपली होती. पडद्यावर फक्त झबल्याची पाठ.

"अगं, कशी टकामका बघतेय आजोबाकडे!" बाबा खुशीत म्हणाले. "आणि तीट काय झकास लावलीयस!"

"बाबा," हर्षला म्हणाली. "आधी स्कूटरची किल्ली आईकडे द्या."

"का गं बये? मला स्वच्छ दिसतंय!"

हर्षला आता भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगतेय: तुमच्या घरात असं म्हणणारं जे कुणी असेल, त्यांच्याकडे आजच जाऊन या. पाठ करून उभे राहा आणि विचारा, माझा चेहरा कसा दिसतोय?